आत किती माणसं होती?

उत्तर फ्रान्समधल्या फ्लेकिएर गावच्या एका म्हाताऱ्या बाईंना लहानपणी पाहिलेलं आठवत होतं. पहिल्या महायुद्धातले रशियन कैदी एक प्रचंड रणगाडा खड्ड्यात ढकलत होते. जवळच्या कांब्रे शहरातले हॉटेलमालक फिलीप गोर्झिन्स्की यांनी त्या आठवणीवर विश्वास ठेवला. वर्षानुवर्षं शोध घेतला, हवाई छायाचित्रं तपासली आणि नोव्हेंबर १९९८मध्ये जमिनीखालून ‘डेबोरा’ निघाली. ब्रिटिशांचा मार्क ४ रणगाडा, क्रमांक डी-५१.

माझे आजोबा भिंगार कॅम्पात रणगाड्यांचे फिटर होते. निवृत्तीनंतर नगरच्या रणगाडा संग्रहालयात आम्हा नातवंडांना घेऊन जायचे. आम्ही तोफेची लांबी विचारायचो. ते म्हणायचे, “तोफेचं नंतर. आत माणसं किती होती, ते आधी विचार.” माटिल्डात चार, चर्चिलमध्ये पाच, हे त्यांनीच पाठ करून घेतलं. “आत बसलं की आधी कान जातात रे, मग दिशा,” हेही त्यांचंच.

डेबोराच्या आत आठजण. त्यांच्या मधोमध उघडं इंजिन, ते तापलं की आत भट्टीच. धूर बाहेर जायला धड वाट नाही. २६-२७ टनांचं हे धूड नुसतं वळवायचं तरी चौघांचे हात लागत, आणि गोंगाटात शब्द ऐकू येत नसल्यामुळे सगळं खाणाखुणांवर चाले. वेग ताशी जेमतेम सहा किलोमीटर. चिलखत जास्तीत जास्त १२ मिलिमीटर, म्हणजे तोफगोळ्यापुढे काहीच नाही.

२० नोव्हेंबर १९१७ला कांब्रेच्या लढाईत ब्रिटिशांनी ४७६ रणगाडे उतरवले. इतके रणगाडे एकत्र याआधी कुणी पाहिले नव्हते. त्यांनी फोडलेल्या वाटेनं पुढे घुसण्यासाठी घोडदळ मागे सज्ज होतं. आपलं पूना हॉर्सही या लढाईत होतं. पुढे त्याच रेजिमेंटचे घोडे गेले, रणगाडे आले.

फ्लेकिएरच्या टेकडीवर मात्र जर्मन तोफांनी कित्येक रणगाडे टिपले. डेबोरा गावातून पलीकडे पोचली आणि तिथेच तोफगोळ्यांनी फुटली. तिचा तरुण अधिकारी फ्रँक हीप वाचलेल्यांना घेऊन आपल्या फळीत परतला. त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. फूट, गॅलवे, चेव्हर्टन, टिपिंग आणि रॉबिन्सन हे पाचजण गेले.

त्यांच्या कबरी गावातल्याच ब्रिटिश दफनभूमीत आहेत. २०१७मध्ये, लढाईला शंभर वर्षं झाली तेव्हा, तिला लागूनच संग्रहालय उघडलं आणि डेबोरा तिथे आली. तिची भगदाडं बुजवलेली नाहीत, फाटलेला पत्रा सरळ केलेला नाही, वर नवा रंगही नाही. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. डागडुजी झाली असती तर यंत्र छान दिसलं असतं; पण आतली माणसं कशी गेली, हे त्या पत्र्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं.