टेनर

गेल्या महिन्यात घरासाठी कर्ज काढायला गेलो. बँकेच्या कागदावर ‘टेनर : २० वर्षे’ असे वाचून चमकलो. टेनर म्हणजे पुरुषाचा उंच गाता आवाज, एवढेच मला ठाऊक! “मुदत हो, साहेब,” कारकून म्हणाला.

घरी येऊन कोश उघडला. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘धरणे’. मध्ययुगीन युरोपात चर्चच्या अनेकपदरी गायनात एकजण मूळ चाल लांबलचक स्वरांत धरून बसे. बाकीचे आवाज तिच्याभोवती फिरत. तो धरणारा टेनर. पुढे त्याच्याखाली खर्जाचा आवाज आला, आणि टेनर उंच ठरला. गंमत अशी, की इंग्लंडातील चर्चच्या मनोऱ्यात टेनर म्हणजे सर्वांत मोठी, सर्वांत खर्जातली घंटा!

दस्तऐवजाचा टेनर म्हणजे त्याचा मजकूर. आपल्याकडच्या १८८१ च्या हुंडी-चेकांच्या कायद्यातही शब्द याच अर्थाने आहे. भाषणाचा टेनर म्हणजे रोख. त्याला आपण ‘सूर’ म्हणतोच की. तोही गळ्यातूनच आलेला.

मुदतीला मात्र मराठीत कोणी सूर म्हटलेले ऐकले नाही. वीस वर्षे धरून राहायचे, आणि माझ्या निवृत्तीला उरली बारा. सही अजून केलेली नाही.