दप्तराबाहेरची विचारपूस

जुन्या मराठी पत्रांत मायन्यानंतर एक वाक्य ठरल्यासारखे येते : ‘येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लेखन करणे.’ मोडी कागद वाचणारा अभ्यासक हे वाक्य बहुधा ओलांडून पुढे जातो. त्याला हवा असतो तो त्यानंतरचा मजकूर : स्वारी कोठे मुक्कामास आहे, वसूल किती आला, कोणाचे कोणाशी बिनसले. आम्हीही विद्यार्थिदशेत असेच वाचत आलो. हे वाक्य म्हणजे निव्वळ शिष्टाचार, त्यात ऐतिहासिक आशय तो काय असणार, अशी आमची समजूत होती. ३ जून २०२० नंतरच्या काही दिवसांनी ती समजूत बदलावी लागली. त्या बदलाविषयीच हे टिपण आहे.

त्या दिवशी, बुधवारी, दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या घरात होता. नाव बांगलादेशाने सुचवलेले. त्याच वर्षी जाहीर झालेल्या वादळनामांच्या नव्या यादीतले हे पहिलेच नाव. रायगड जिल्ह्यातील अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा आणि रत्नागिरीतील मंडणगड, दापोली या तालुक्यांना त्याचा मोठा तडाखा बसला. नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा या सुपारीसाठी ज्या गावाचे नाव घेतले जाते, तेथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या बागांतून आरपार आकाश दिसू लागले. ज्या भट घराण्याने पुढे पेशवाई भूषवली, त्याचेही मूळ गाव हेच श्रीवर्धन.

वादळाची सूचना आधी मिळाली होती, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ आले, तेव्हा खोल समुद्रात गेलेल्या अनेक मच्छीमारांपर्यंत इशारा वेळेत पोहोचला नव्हता आणि त्याची किंमत कोकणातील अनेक घरांनी मोजली. २०२० मध्ये तसे झाले नाही. वादळाचा मार्ग दिवसभर आधी दूरचित्रवाणीवर दिसत होता, होड्या किनाऱ्याला ओढल्या गेल्या होत्या, हजारो लोकांना सुरक्षित जागी हलवले गेले होते. येणाऱ्या संकटाचे ज्ञान या अकरा वर्षांत फार पुढे गेले होते.

मात्र वादळ ओसरले आणि दुसरेच अज्ञान समोर उभे राहिले. विजेचे खांब हजारोंनी पडले होते; कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले. मोबाइलचे मनोरे बंद होते, रस्त्यांवर झाडे आडवी पडली होती. मुंबई-पुण्यातील चाकरमान्यांना उपग्रहाच्या चित्रात वादळाचा डोळा दिसला होता. गावी आई-वडील सुखरूप आहेत की नाहीत, हे मात्र त्यांना कळत नव्हते. शंभर-दीडशे किलोमीटरवरचे गाव अचानक शंभर-दीडशे वर्षे मागे गेल्यासारखे झाले. तार पाठवावी, तर भारतातील तारसेवाही २०१३ च्या जुलैमध्येच बंद झालेली.

अशा वेळी क्षेमकुशल कसे कळले? श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडील आमच्या परिचितांकडून पुढे जे ऐकले, त्याचे सार असे. वारा पडल्यावर माणसे प्रथम स्वतःच्या घराकडे पाहत उभी राहिली आणि मग शेजारच्या घराकडे वळली. अंतर एरवी दोन मिनिटांचे. त्या संध्याकाळी कोयत्याने वाट काढत जायला अर्धा तास लागला. पाखाडीतून हाका दिल्या गेल्या. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरे कोणती, हे कोणत्याही यादीवाचून ठाऊक होते. तिकडे आधी माणूस गेला. कौले उडालेल्या घरातील मंडळी ज्यांचे माजघर कोरडे होते त्यांच्याकडे निजायला आली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोणी दुचाकीवरून, कोणी पायी, फोन लागेल अशा ठिकाणी निघाले, तेव्हा आळीतल्या प्रत्येक घराने त्यांच्या हाती एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर मुंबईचा एक फोन क्रमांक आणि एखाद्-दुसरी ओळ : सगळे बरे आहोत, पत्रे गेले, काळजी करू नका, तुम्ही कसे आहात?

या शेवटच्या तीन शब्दांपाशी आम्ही थांबलो. मुंबईत तेव्हा करोनाची साथ भरात होती. वादळात सापडलेल्या आईला साथीत सापडलेल्या मुलाची काळजी होती. म्हणजे ती चिठ्ठी ‘येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लेखन करणे’ याच वाक्याचा बोलीतील अनुवाद होती. जुन्या पत्रातील ते वाक्य केवळ शिष्टाचाराचे नव्हते, हे तेव्हा आम्हांला उमगले. जासूद वाटेत अडकला, नदीला पूर आला, साथ पसरली, की माणूस आहे की नाही हेच कळत नसे, अशा जगात ते घडले होते. आधी आपले सांगायचे, मग दुसऱ्याचे विचारायचे, हा क्रमही विचारपूर्वक ठरलेला वाटतो. चिंतेत असलेल्याला प्रथम तुमचे कुशल हवे असते.

करोनाचा उल्लेख आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. त्या आधीच्या दोन महिन्यांत कोकणातील अनेक गावांनी वेशीवर अडसर घातले होते. मुंबईहून आलेल्या आपल्याच माणसांकडे गाव संशयाने पाहत होते. त्यांना चौदा दिवस वेगळे ठेवले जात होते. कोणाच्या पडवीवर चढणे हाच अपराध ठरावा असे ते दिवस होते. वादळाने घरांची छपरे नेली आणि एका रात्रीत हे नियम पाळणे अशक्य झाले. भीती गेली नव्हती. तरीही ओल्या माणसाला घरात घ्यावे लागले आणि घेतले गेले. शेजारधर्म या शब्दातील ‘धर्म’ कोठे सुरू होतो, याचे याहून नेमके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. जेथे विचारपूस करणाऱ्यालाच धोका आहे, तेथे तो सुरू होतो.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पडावा असा प्रश्न. पन्नास वर्षांनी या वादळाचा इतिहास कोणी लिहू लागला, तर त्याच्या हाती काय येईल? हवामान खात्याचा अहवाल येईल. पंचनामे येतील : किती घरे अंशतः, किती पूर्णतः पडली, नारळ किती, सुपारी किती. भरपाई हेक्टरी द्यावी की झाडांच्या संख्येवर, या वादाचे कागद येतील. कोकणातील वाड्या गुंठ्यांच्या हिशेबातल्या; त्यामुळे तो वाद महत्त्वाचा होता, यात शंका नाही. पण कोयत्याने वाट काढून शेजारी गेलेला माणूस यांपैकी कोणत्याच कागदावर नसेल. त्या चिठ्ठ्या तर फोन लागताच चुरगळून टाकल्या गेल्या.

दप्तराचा हा स्वभाव जुनाच आहे. कोकणातील गडग्यावरून, पाण्याच्या पाटावरून, सामायिक आडावरून झालेले तंटे कागदपत्रांत तपशिलाने सापडतात. त्यांवरून अभ्यासक असा निष्कर्ष काढतात, की कोकणी माणूस भाऊबंदकीत बुडालेला होता. निष्कर्ष अगदी खोटा नाही. पण भांडण कागदावर येते, कारण ते मिटवायला तिसरा माणूस लागतो. विचारपुशीला तिसरा माणूस लागत नाही, म्हणून तिचा कागद होत नाही. ज्या गडग्यावरून दोन घरे वर्षानुवर्षे कचेरीत गेली, तोच गडगा ओलांडून वादळाच्या संध्याकाळी कोणी गेले असेल, तर त्या जाण्याला पुरावा नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण मुंबईचेच आहे. ६ जून १८८२ रोजी मुंबईवर महाभयंकर चक्रीवादळ आले आणि एक लाखाहून अधिक माणसे मेली, असे विधान जगातील मोठ्या आपत्तींच्या याद्यांतून कित्येक वर्षे छापले जात होते. १८८१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. इतक्या शहरात लाखभर माणसे एका दिवशी गेली असती, तर त्या काळच्या वृत्तपत्रांत आकांत उमटला असता. कुलाब्याची वेधशाळा तर १८२६ पासून होती. शोध घेणाऱ्यांना समकालीन आधार सापडला नाही, आणि ते वादळ झालेच नव्हते, असे आता मानले जाते. जे घडले नाही ते आकड्याच्या बळावर इतिहासात शिरते आणि जे घराघरांत घडले ते आकड्याअभावी बाहेर राहते, असा हा प्रकार आहे.

येथे आम्हांला स्वतःलाही एक इशारा द्यावासा वाटतो. शेजारधर्माची गोड कथा रचणे सोपे आहे. हाक पाखाडीतून दिली गेली, पण ती कोठवर पोहोचली? गावाबाहेरच्या कातकरी वाडीवर पहिल्या संध्याकाळी कोण गेले? माडावर चढून मजुरी करणाऱ्याचे नाव पंचनाम्यात येत नाही, कारण झाड त्याचे नसते. विचारपुशीच्या आठवणीत तरी ते येते का? विचारपूस कोणाची झाली याबरोबर कोणाची झाली नाही, हेही विचारल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाही. कदाचित गावाची खरी रचना त्या संध्याकाळच्या वाटांवरूनच अधिक स्पष्ट कळेल.

हे काम साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापक करू शकतात, असे आम्हांला वाटते. पत्रे, बोली आणि आठवणी हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय आहे. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर वर सरकले, तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गात पुन्हा वीज गेली, फोन बंद पडले, आणि पुन्हा माणसेच माणसांकडे चालत गेली. त्यांच्यापैकी अनेक जण आज बोलू शकतात. एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने तीन साधे प्रश्न घेऊन गावोगाव जावे : वारा पडल्यावर तुम्ही प्रथम कोणाकडे गेलात? तुमच्याकडे कोण आले? आणि कोणाकडे जायचे राहून गेले? उत्तरे बोलीत, जशीच्या तशी, उतरवून घ्यावीत. तिसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल, तो द्यावा. आणि मोडी पत्र वाचताना ते क्षेमकुशलाचे वाक्य आले, तर यापुढे ते ओलांडू नये.