मोटारीची रुंद चाके, ऑफसेट आणि कायदा

मोटारीला मूळ चाकांऐवजी बाजारातील रुंद अलॉय चाके बसवताना रुंदीइतकेच महत्त्व ऑफसेट या मापाला असते. हबला टेकणारा चाकाचा पृष्ठभाग आणि रिमची मध्यरेषा यांमधील अंतर म्हणजे ऑफसेट. ते मिलिमीटरमध्ये मोजतात. हा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूस असल्यास ऑफसेट धन, आतल्या बाजूस असल्यास ऋण. ऑफसेट जितका कमी, तितके चाक बाहेर येते.

समजा, 6 इंच रुंद आणि धन 45 ऑफसेटच्या चाकाजागी 8 इंच रुंद, धन 25 ऑफसेटचे चाक बसवले. बाहेरची कड सुमारे 45 मिलिमीटर बाहेर सरकते, आतली मात्र जेमतेम 5 मिलिमीटर आत. वळणावर अथवा गाडी भरलेली असताना टायर मडगार्डला घासू शकतो, बेअरिंगवरील ताण वाढतो, खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंग हाताला ओढ देते. रुबाबासाठी ही किंमत थोडी नव्हे. मूळ चाकामागे स्पेसर लावल्यासही बेअरिंगवर असाच ताण येतो.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी हाच निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक नियमबाह्य बदलासाठी 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. चाके दुकानात उघड विकली जातात, एवढ्यावरून ती बसवणे वैध ठरत नाही.