पैनगंगेच्या वाटेवर : एक सरोवर, एक हिमनदी



व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा आयोजकांचा लगेच फोन आला. "सर, बुलढाण्यात हिमनदी कुठून आणणार?" त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडे हिम म्हणजे डिसेंबरात पडणारा गारठा, आणि नदी म्हणजे दसऱ्यानंतर आटत जाणारी. पण मी हा विषय गंमत म्हणून घेतलेला नाही. हिमनदी या नदीच्या काठी आहेच. म्हणजे होती. तिच्या खुणा आहेत. तिथं आपण यथावकाश पोहोचू.

आधी थोडं लांबून सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघे निवृत्त प्राध्यापक कारगिलहून झंस्कारमधल्या पदुमला जाणाऱ्या रस्त्याने गेलो होतो. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, म्हणून घरी सांगताना फक्त 'काश्मीर' म्हटलं. त्या रस्त्यावर पेन्सी ला नावाची खिंड आहे, साधारण ४,४०० मीटर उंचीवर. खिंडीजवळ दोन लहान तळी आहेत, आणि थोडं पुढं गेलं की खाली द्रांग-द्रुंग ही हिमनदी वळण घेत उतरताना दिसते. सगळे गाड्या थांबवून फोटो काढतात, आम्हीही काढले. पण आमच्यात भूगर्भशास्त्र शिकवलेले एक जण होते. ते हिमनदीकडे पाठ करून रस्त्याकडेच्या एका खडकावर वाकले होते. खडक घासून गुळगुळीत झालेला, आणि त्याच्यावर एका दिशेने गेलेल्या समांतर रेघा. एखाद्याने खिळा घेऊन ओढाव्यात तशा. ते म्हणाले, "बर्फ पुढं सरकतो तेव्हा त्याच्या तळाशी अडकलेले दगड हे काम करतात. बर्फ निघून जातो, रेघा राहतात. अशाच रेघा तुमच्या पैनगंगेवर आहेत. पाहिल्या का?"

मी पाहिल्या नव्हत्या. ऐकल्याही नव्हत्या. ज्या नदीचं पाणी पिऊन मी मोठा झालो तिच्याबद्दल मला हे झंस्कारमध्ये कळावं, याची मला लाज वाटली. तुम्हीही आज सकाळी जो चहा घेतला असेल, त्यात येळगाव धरणाचं, म्हणजे पैनगंगेचंच पाणी होतं.

ही नदी इथंच, बुलढाण्याजवळ अजिंठ्याच्या डोंगरात उगवते. मेहकरवरून जाते, पुढे वाशिम, हिंगोली, नांदेड, यवतमाळ अशा जिल्ह्यांच्या हद्दींवरून वाहत चंद्रपूरच्या बाजूला वर्धेला मिळते. परत आल्यावर मी ठरवलं की तिच्या कडेकडेने एकदा गाडीने जायचं. वाटेत लोणार पाहायचं आणि शेवटी त्या रेघा. त्या प्रवासाची आणि त्याआधीच्या वाचनाची ही हकीकत आहे.

आता मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे पाच मिनिटं माझी सहन करा. न्यायदर्शनात अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातलं एक 'शेषवत्', म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणं. त्याचं पारंपरिक उदाहरण नदीचंच आहे : नदी भरून आलेली दिसली की वर पाऊस झाला असं आपण म्हणतो. यावर न्यायसूत्रांतच आक्षेप नोंदवलेला आहे. कोणी खाली बांध घातला असेल तरी नदी भरेल की! दिसायला सारखं, कारण वेगळं. मग अनुमानावर विश्वास काय ठेवायचा? वात्स्यायनाने भाष्यात याचं फार शहाणपणाचं उत्तर दिलं आहे. तो म्हणतो की नुसतं पाणी वाढलं एवढ्यावरून कोणी पावसाचं अनुमान करत नाही. प्रवाहाला ओढ आहे का, फेस आहे का, फळं, पानं, लाकडं वाहून येताहेत का, हे पाहून करतो. म्हणजे एकूण आकारावर जाऊ नका, त्या कारणाशिवाय येऊच शकणार नाही अशी बारीक खूण शोधा. हे लक्षात ठेवा, आपल्याला दोनदा लागणार आहे.

तर लोणार. मेहकरहून वीस-पंचवीस किलोमीटर. तुमच्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलंय, त्यामुळे वर्णन करत नाही. साधारण १.८ किलोमीटर व्यासाचा वर्तुळाकार खड्डा, काठापासून दीडशे मीटरच्या आसपास खोल, तळाशी खारं पाणी, सगळा काळ्या बेसॉल्टमध्ये. अकबराच्या काळी मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं आणि अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त लोणारची नोंद केली ती इथल्या क्षारांसाठी. साबण आणि काच करायला ते लागत. दल्ला, खुप्पल, पपडी, भुस्की अशी त्यांची नावं होती. म्हणजे मोगलांच्या दफ्तरात हे तळं सौंदर्य म्हणून नव्हे, महसूल म्हणून आलं! आपल्या लोकांनी मात्र गोष्ट सांगितली : लवणासुर जमिनीखाली दडला होता, विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. लोणार गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याच कथेचं.

१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी इथं आला. तेव्हापासून लोणार युरोपियनांच्या लिखाणात आलं. पुढची जवळजवळ दीडशे वर्षं बहुतेक जाणकारांचं मत एकच : हे ज्वालामुखीचं काम. त्यांना हसू नका. सगळं दख्खन लाव्ह्याचं बनलेलं. पायाखालचा दगड ज्वालामुखीचा, मग त्यातला वाटोळा खड्डा आणखी कशाचा असणार? तुम्ही-आम्ही असतो तरी हेच म्हटलं असतं.

इथं एका अमेरिकन माणसाचं नाव घ्यायला हवं. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट, त्या काळातला फार मोठा भूगर्भशास्त्रज्ञ. ॲरिझोनात आपल्या लोणारसारखाच एक खड्डा आहे आणि त्याच्याभोवती उल्कालोहाचे तुकडे विखुरलेले आहेत. १८९१ मध्ये गिल्बर्ट तो तपासायला गेला. त्याचा तर्क असा : आकाशातून लोखंडाचा गोळा पडून खड्डा झाला असेल तर गोळा खाली गाडलेला असणार. मग चुंबकसुई हलली पाहिजे. शिवाय काठावर फेकली गेलेली माती-दगड खड्ड्यापेक्षा जास्त भरायला हवी, कारण खड्ड्यातली काही जागा गोळ्याने अडवली असणार. त्याने दोन्ही मोजलं. सुई हलली नाही, आणि दोन्ही घनफळं जुळली. म्हणजे गोळा नाही. म्हणजे खाली कोंडलेल्या वाफेचा स्फोट. आणि जगात असं दुसरं उदाहरण कुठं आहे, तर हिंदुस्थानातलं लोणार! १८९६ मध्ये छापून आलेल्या एका व्याख्यानात त्याने हे सगळं मांडलं, आणि त्या व्याख्यानाचा विषय होता गृहीतकांचा उगम. निष्कर्षापर्यंत कसं जायचं याचा नमुना म्हणून हे प्रकरण तो सांगत होता.

पद्धत निर्दोष होती, निष्कर्ष चुकला. प्रचंड वेगाने येणारा गोळा आदळताक्षणी बहुतांशी चुरा होतो, वितळतो, वाफ होतो, आणि शोधायला खाली काही उरत नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं. मी चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. चांगल्या तर्काने चुकीच्या जागी पोहोचता येतं याचं याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलेलं नाही, आणि वर्गात वापरायला ते मला निवृत्तीनंतर मिळालं. असो.

लोणारचा निकाल कसा लागला? आकाराकडे अधिक बघून नाही. सरोवराच्या तळात छिद्रं पाडून खालचा दगड वर काढला. १९७२ मध्ये व्ही. के. नायक यांनी इथल्या काचेसारख्या कणांवर लिहिलं, आणि १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या भारतीय-अमेरिकन सहकाऱ्यांचा लेख 'सायन्स'मध्ये आला. बेसॉल्टमध्ये फेल्डस्पार जातीचं खनिज असतं. तळातल्या दगडात त्याची काच झालेली सापडली, पण वितळून नाही, नुसत्या धक्क्याच्या दाबाने. तेवढा दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा कण! वात्स्यायनाची फेस आणि पानं हीच. खड्डा सर्वांनी पाहिला होता. कण पाहिल्यावर प्रश्न मिटला. आघात कधी झाला यावर मात्र अजून वाद आहे. एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षं येतात, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार.

लोणारहून पुढे रिसोड, वाशिम, पुसद असं गेलो. या टप्प्यात सांगण्यासारखं म्हणजे रस्ता खराब आणि चहा चांगला. पण एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. बुलढाण्यापासून पायाखाली सारखा काळा दगड असतो. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेला, वणीच्या बाजूला तो संपत येतो आणि त्याच्याखालचं जुनं पान उघडं पडतं. चुनखडी, वाळूचा दगड, कोळसा. सिमेंटचे कारखाने आणि कोळशाच्या खाणी इथून पुढं दिसायला लागतात त्या याच कारणाने. इथल्या अतिप्राचीन चुनखडीला भूगर्भशास्त्रात नावच 'पैनगंगा चुनखडी' आहे. बुलढाण्यात उगवलेल्या नदीचं नाव जगाच्या शास्त्रग्रंथांत गेलं ते असं.

आता कथा मागे न्यायला हवी. १८५६ मध्ये ओडिशातल्या तालचेर इथं ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड कोळशाची पाहणी करत होते. कोळशाच्या थरांखाली त्यांना एक विचित्र थर लागला : अगदी बारीक गाळ, आणि त्यात मधेच मोठमोठे धोंडे. तुम्ही शेतकरी लोक आहात, तुम्हाला हे पटकन कळेल. नाल्याला पूर येतो तेव्हा पाणी निवडून टाकतं. ओढ कमी झाली की आधी गोटे बसतात, मग वाळू, शेवटी गाळ. धोंडा आणि गाळ एकाच जागी, न निवडता टाकणारं पाणी नसतं. मग कोण? त्यांनी बर्फाचं नाव घेतलं. पूर्वी युरोपावर बर्फाची चादर होती हे अगासीने मांडून तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती, तिथंच ते सगळ्यांना पटलेलं नव्हतं. आणि हे तरुण ओडिशातल्या उन्हात बसून बर्फ म्हणत होते. लोकांनी संशय घेतला, यात नवल नाही.

खूण मिळाली ती पैनगंगेवर. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणातल्या फ्रान्सिस फेडन यांनी चांद्याच्या पश्चिम-नैर्ऋत्येला सुमारे दहा मैलांवर, इरई गावाजवळ, पैनगंगेच्या पात्रात त्याच तालचेर थराखालची चुनखडी उघडी पडलेली पाहिली. तिचा पृष्ठभाग घासलेला, गुळगुळीत, आणि त्यावर लांबच लांब समांतर ओरखडे. वरच्या थरातल्या धोंड्यांवरही तसेच. १८७५ मध्ये त्यांनी ते छापलं. जिथं मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर जातो, त्या जागी! शीर्षकात त्यांनी 'उष्ण कटिबंधातल्या भारतात' असे शब्द मुद्दाम घातले होते. बर्फाची पायरी न्यायाने सिद्ध झाली, पण कोडं वाढलं. भारतातल्या त्या बर्फाची वाटचाल साधारण उत्तरेकडे, म्हणजे आजच्या विषुववृत्ताच्या दिशेकडून आलेली. विषुववृत्ताकडून बर्फ येतो कसा?

याचं उत्तर मिळायला काही दशकं गेली. आल्फ्रेड वेगेनरने १९१२ पासून मांडलं की खंडं सरकतात. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका एकत्र होती आणि दक्षिण ध्रुवाजवळ होती. या सगळ्या ठिकाणचे एकाच काळातले बर्फाचे पुरावे हा त्याच्या म्हणण्याचा मोठा आधार होता. त्या एकत्र भूमीला नाव आपल्याच शेजारचं, गोंडवन. वेगेनरलाही बहुतेकांनी वेड्यात काढलं. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर तो वारला, आणि त्याचं म्हणणं सर्वमान्य व्हायला १९६०चं दशक उजाडलं. इरईचा तो बर्फ सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा. आपला काळा दगड साडेसहा कोटींचा. म्हणजे लोणारचा उल्कापात या हिशेबात आज सकाळचा.

एक काळजी मात्र बोलून दाखवतो. लोणारसाठी अभयारण्य झालं, न्यायालयात याचिका झाल्या, २०२० मध्ये रामसर यादीत नाव गेलं. पावणेदोन किलोमीटरचा खड्डा हरवत नाही. चुनखडीवरची रेघ हरवते. धोंड्यांच्या थराने झाकलेली होती म्हणून ती तीस कोटी वर्षं टिकली. एकदा उघडी पडली की पावसाचं पाणी चुनखडी विरघळवतं, गाईगुरं वरून जातात, आणि तो सगळा मुलूख चुनखडीच्या खाणींचा आहे. सुरुंगाला पैनगंगा चुनखडी म्हणजे सिमेंटचा कच्चा माल, बाकी काही नाही.

आणि मी ती रेघ पाहिली का? नाही. आम्ही सप्टेंबरात गेलो, हा माझाच मूर्खपणा. वणी सोडून नदीकाठी पोहोचलो तर पात्र दुथडी भरलेलं. दगड दिसायचं नावच नाही. काठावर एक म्हातारे बाबा म्हशी घेऊन बसले होते. मी त्यांना विचारलं, "बाबा, इथं तर पाऊस नाही, मग पाणी कुठलं?" ते उठले, पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वरतं पडला असन. पाहा ना, गढूळ किती हाय, अन् पळसाची पानं येऊन राह्यली." मी चटकन वात्स्यायनाचं नाव घेणार होतो, पण आवरलं. संध्याकाळी पुसदच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. दोन दिवस तिकडे धो धो पडत होता.

पुन्हा जायचं आहे, या वेळी मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर. ऊन फार असेल. गाडीत दोन जागा आहेत, ज्यांना यायचं त्यांनी कार्यक्रम झाल्यावर भेटा. टोपी आणि पाणी आपापलं आणावं.