ट्रकच्या शाफ्टचा ‘ठक्क’ आवाज : ग्रीस कोणते निवडावे?

सुरतच्या कतारगाम औद्योगिक वसाहतीतून माल भरून निघालेला ट्रक महामार्ग गाठेपर्यंत वारंवार थांबतो आणि सुटतो. नेमक्या त्याच क्षणी खालून ‘ठक्क’ असा आवाज येत असेल, तर प्रथम प्रोपेलर शाफ्ट तपासावा.

कारण : ब्रेक लागताना व गाडी सुटताना मागचे पाटे दबतात, वळतात आणि गिअरबॉक्स व मागील एक्सल यांतील अंतर किंचित बदलते. ते सामावण्यासाठी स्लिप योक स्प्लाइनच्या खाचांवर सरकतो. खाचा कोरड्या असल्यास तो अडकून एकदम सुटतो. तोच हा आवाज.

निवड : स्प्लाइनसाठी एनएलजीआय २ श्रेणीचे, मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त लिथियम कॉम्प्लेक्स ईपी ग्रीस उपयुक्त ठरते. क्रॉसमधील सुयांच्या बेअरिंगला मात्र गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच ग्रीस द्यावे. लिथियम ग्रीसमध्ये बेंटोनाइट किंवा पॉलियुरियाचे ग्रीस मिसळू नये. मिश्रण पातळ होऊन गळू शकते.

भरणे : क्रॉसच्या चारही कपांच्या सीलमधून नवे ग्रीस दिसेपर्यंत गन चालवावी. पुराच्या पाण्यातून गाडी गेल्यास पुढील पाळीची वाट पाहू नये.

मर्यादा : इंजिन बंद करून, चाकांना अडण्या लावून शाफ्ट हाताने हलवावा. क्रॉसमध्ये खेळ जाणवला किंवा कपाभोवती गंजाची भुकटी दिसली, तर क्रॉस बदलावा. ग्रीस झीज भरून काढत नाही आणि धावत्या गाडीचा निखळलेला शाफ्ट ब्रेकची नळीही तोडू शकतो.