मनोरुग्ण कैद्याला फाशी देता येते का? हिंडलग्याशी जोडलेले निकाल आणि आजचा कायदा

मच्छे : मच्छे-पिरनवाडी भागात हिंडलगा म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात, हुतात्मा स्मारक आणि मध्यवर्ती कारागृह. फाशी झालेले कैदी वर्षानुवर्षे याच कारागृहात राहिलेले आहेत. ‘डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला फासावर चढवता येतं का?’ हा प्रश्न म्हणूनच बेळगावकरांना परका नाही.

यावरचा महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 21 जानेवारी 2014 रोजी शत्रुघ्न चौहान खटल्यात दिला. त्यात 15 जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. वीरप्पनचे हिंडलग्यात असलेले चार साथीदारही त्यात होते. ते सुटले दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे. पण उत्तराखंडच्या एका कैद्याला छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया होता. शिक्षेनंतर असा आजार जडला तर फाशी देता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. फाशीच्या कैद्यांची नियमित मानसिक तपासणी करा, फाशीआधी सरकारी डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञांचा अहवाल घ्या, हे आदेशही त्याच निकालातले.

दुसरा निकाल महाराष्ट्रातल्या खटल्याचा. 1999 मध्ये दोन अल्पवयीन मुलींवर अत्याचार करून खून केल्याबद्दल एकाला फाशी झाली होती. 12 एप्रिल 2019 रोजी न्या. एन. व्ही. रमणा यांच्या पीठाने गंभीर मानसिक आजारामुळे ती रद्द केली. आजाराची माहिती गोपनीय राहावी म्हणून निकालात त्याचं नाव नाही, नुसतं ‘आरोपी एक्स’. उद्या कुणीही वेडाचं सोंग घेईल, ही लोकांची शंका रास्तच आहे. म्हणून न्यायालयाने आजार किती तीव्र असावा याची कसोटी घातली आणि तो सिद्ध करण्याचा भार कैद्यावर ठेवला. तो माणूस सुटलाही नाही. मरेपर्यंत तुरुंग, आणि तिथेच उपचार.

गुन्हा करतानाच भान नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे जुनं भादंविचं कलम 84, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 22 लागतं. आपण काय करतोय हेच कळत नव्हतं, असं सिद्ध झालं तर गुन्हाच ठरत नाही. महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनाच्या खटल्यात 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंच सोडलं. त्याच्या बाजूने उभे राहिले ते घटनेआधीच्या उपचारांचे कागद.

खरी अडचण इथेच आहे. जन्मापासून बुद्धीची वाढ कमी राहिलेल्या माणसाला फाशी देऊच नये, असा सरसकट नियम भारतात नाही. अमेरिकेत तो 2002 च्या ॲटकिन्स निकालाने आला. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट 39 ए’ने 2021 मध्ये 88 फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 62.2 टक्के कैद्यांना मानसिक आजार होता आणि सुमारे 11 टक्क्यांना बौद्धिक अक्षमता. ज्या पोराला गावात ‘जरा कमीच आहे’ म्हणून सोडून दिलं, शाळेतून दुसरी-तिसरीत काढलं, त्याची फाईल कुठून येणार? सीमाभागात तर एक कागद धारवाडला, दुसरा मिरजेत, एक कानडीत, दुसरा मराठीत. पुरावा आरोपीला समजेल त्या भाषेत सांगायला हवा, असं कायदा म्हणतो. पण भाषांतर करून सांगितलेलं त्याला उमगलं का, हे कोण पाहणार?

कोठडीचाही परिणाम होतोच. हिंडलग्यातल्या एका कैद्याला सुमारे 10 वर्षे एकांत कोठडीत ठेवलं गेलं. 4 नोव्हेंबर 2022 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाने, एकांतवासाचा त्याच्या प्रकृतीवर वाईट परिणाम झाल्याचं नोंदवून, फाशीऐवजी किमान 30 वर्षांची कैद दिली.

अटकेनंतर वकील करण्याची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. आजाराची शंका असेल तर ती पहिल्याच न्यायालयात मांडून तपासणी मागावी. जुनी औषधाची चिठ्ठी, शाळेचा दाखला, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, जे घरात असेल ते त्याच वेळी वकिलाच्या हाती द्यावं.