आडनावाचे दोस्त

एरिक शिप्टन आणि बिल टिल्मन, दोघेही इंग्रज. ओळख झाली केनियात, मळेवाले असताना. १९३४ साली आंगथारके, पासांग आणि कुसांग या शेर्पांसोबत ते गढवालात ऋषीगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या आतल्या खोऱ्यात शिरले. त्याआधी तिथे कुणी पोचल्याची नोंद नाही. टिल्मन तेव्हा ३६ वर्षांचा! (त्या वयात आपण होमलोनचे हप्ते मोजतो.)

वर्षानुवर्षं एकत्र भटकल्यावर शिप्टन म्हणाला, आता मला आडनावाने हाक मारणं पुरे. टिल्मन पुटपुटला, नावाने फारच बावळट वाटतं. आपल्याकडे दुसऱ्या ट्रेकलाच शिव्या सुरू होतात. ह्याला साधं 'एरिक' म्हणवेना, आणि दोरावर जीव मात्र त्याच्याच हातात!

शिप्टन मार्च १९७७ मध्ये गेला. त्याच वर्षअखेरीस, ऐंशीला टेकलेला टिल्मन दक्षिण अटलांटिकमध्ये बोटीने निघाला, तो परतलाच नाही.